सायलीच्या गाडीचा कौल

मोटार रडते, ही बातमी राहू गावात पसरायला फार वेळ लागला नाही. कांदे काढणाऱ्या बायका वाफा अर्धवट सोडून निघाल्या. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला लावून ड्रायव्हर आला. रविवार असल्यामुळे पोरं तर सकाळपासून मारुतीच्या देवळासमोर जागा धरून बसली होती. भीमेपलीकडून, शिरूर तालुक्यातूनही माणसं आली होती. आणि पाहायला काय, तर एक जुनी पांढरी मोटार. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला झेंडूचा हार, पुढच्या चाकांखाली लिंबं.

स्टिअरिंगवर बसले होते गाडीचे मालक हौसराव. शेजारी जमिनीवर त्यांची बायको सोजराबाई, हात जोडून. त्यांची गेलेली लेक सायली या गाडीतून बोलते, असं सगळे म्हणत होते. आणि गाडीच्या पुढे उभे होते कौलबाबा. हे शिरूरकडचे. इस्त्रीचा पांढरा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, खिशात दोन मोबाईल. आधी काय करत होते ते कुणाला ठाऊक नाही आणि विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"मंडळी, आत्म्याला लोखंड लई मानवतं," बाबांनी सुरुवात केली. "का? लोखंडातनं करंट व्हातो. तुमचा मोबाईल बिनतारेचा बोलतो, त्याला तुमी सायन्स म्हणता. माझी सायलीबाई बिनमोबाईलची बोलती, मंग तिला काय म्हणाल?"

"चमत्कार!" पोरं ओरडली.

मी या गावच्या हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं. ओरडणाऱ्यांतली निम्मी पोरं माझ्या विद्यार्थ्यांची. कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं, पण गर्दीत हात वर काढायलाही जागा नव्हती.

कौल लावणं आमच्याकडे नवीन नाही. देवाच्या अंगावर उजवीडावीकडे एकेक फूल लावायचं, प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. बाबांनी देवाच्या जागी मोटार आणली, एवढाच काय तो शोध. गाडी चार हात पुढे न्यायची आणि थांबवायची. थांबताना रडली तर हो. मुकी राहिली तर नाही.

"सायलीबाई, तू हितं हायस का?" बाबांचा आवाज लोण्यासारखा झाला. "हळू, हौसराव, सावकाश. लेकीला धक्का नगं."

गाडी सरकली आणि थांबताना तिच्यातून एक बारीक, लांब, शेवटी चिरकत जाणारा आवाज निघाला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. बायकांचे पदर डोळ्यांना गेले.

"कुणी करणी केली का तुला?" आणि लगेच बॉनेटवर थाड्‌कन पंजा. "थांब!"

गाडी जागच्या जागी थांबली. मुकी.

"करणी न्हाई म्हणती," बाबांनी जाहीर केलं. "बरं, तुझ्या लेकराला आईची माया पायजे का? हळू, सावकाश."

रडली.

"परक्या बाईची माया चालंल का? थांब!"

मुकी.

"मंग तुझ्या पाठच्या भैनीची? हळू, हौसराव. हळू. लेक सांगती हाय, सांगू द्या तिला."

या वेळी गाडी इतकी रडली की देवळावरची कबुतरं उडाली. सोजराबाईंनी पुढे होऊन बॉनेटवर डोकं टेकवलं. "व्हय गं बाई," त्या म्हणत होत्या, "तुझ्या मनासारखं हुईल." बाबांनी लगेच पुढचा रविवार जाहीर केला. त्या दिवशी शेवटचा कौल, सगळ्या पाव्हण्यांच्या समोर, आणि होकार आला की तिथल्या तिथं सुपारी फोडायची.

सुपारी कुणाची, ते सांगते. सायली ही हौसरावांची थोरली मुलगी, माझी विद्यार्थिनी. पाटसजवळ महेंद्र नावाच्या मुलाला दिली होती. बाळंतपणात तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा पुणं गाठायला लागायचं, म्हणून हौसरावांनी तिला माहेरी आणलं आणि ही जुनी गाडी घेतली. वर्षभर बाप लेकीला नेत होता, आणत होता. दिवाळीच्या आधी ती गेली. मागे राहिली सव्वा वर्षाची सृष्टी.

दहाव्याला नदीवर मीही होते. कावळा पिंडाला शिवेना. हौसराव पाण्यात उभे राहून म्हणाले, सृष्टीला आमी सांभाळू. कावळा येईना. तुझे दागिने तिच्याच नावानं ठिवू म्हणाले. तरी येईना. कसा येईल? दोन्ही काठांना मका उभा होता, कावळ्यांची पोटं भरलेली. पण त्या घटकेला असं बोलायला जीभ उचलत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि लेकीचं काहीतरी मागे राहिलं हे सोजराबाईंच्या मनात रुतून बसलं. घाटावरून परतताना गावच्या वळणावर गाडी पहिल्यांदा रडली. "सायले," म्हणून सोजराबाईंनी हंबरडा फोडला, आणि तिथून पुढे सगळं रामायण झालं. महेंद्रच्या आईचं कौलबाबांकडे येणंजाणं होतंच. नात सांभाळायला घरात सून हवी आणि ती मावशीच असली तर उत्तम, हे तिचं म्हणणं. आता तेच म्हणणं मोटार बोलू लागली.

मावशी म्हणजे ऋतिका. हौसरावांची धाकटी. शिरूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तिथंच हॉस्टेलवर राहते. बुधवारी दुपारी ती माझ्याकडे आली. पाणी दिलं, ते हातातच धरून बसली.

"कॉलेज सुटलं बाई माझं," ती म्हणाली.

"सुटलं म्हणजे? तू नाही म्हणालीस का?"

"कुणाला म्हणू? मला कुणी इचारलंच न्हाई. समदे गाडीला इचारतेत."

"आणि तुझं काय मत आहे त्या गाडीबद्दल? विज्ञान शिकतेस ना?"

तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "शिकते. पण बाई, ती खरंच तायडी असंल तर? शेवटच्या महिन्यात तिला बोलता येत नव्हतं. तिला काही सांगायचं राहिलं असंल आन् मी म्हणायचं, माझी परीक्षा हाय?"

मला तिचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. शहाणपण असूनही माणूस का फसतो, ते अशा वेळी कळतं. माया शहाणपणाच्या आधी बोलते.

मी तिला आत नेलं. मागच्या खोलीत माझा जुना फळा अजून आहे. खडू सैल धरला आणि हलकेच ओढला. किंचाळला. तोच खडू घट्ट धरून दाबून ओढला. मुकाट पांढरी रेघ.

"माझी गाडी गेल्या साली अशीच रडत होती," मी म्हटलं. "ब्रेक दाबला की चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिकटतात. ते झिजत झिजत संपायला आले की त्यांच्यातली एक बारीक पत्र्याची पट्टी तबकडीला घासायला लागते. ती मुद्दाम बसवलेली असते. पॅड संपले, आता बदला, हे सांगायला. हलका पाय ठेवला की पट्टी थरथरते आणि किंचाळते. जोरात दाबला की थरथरायला जागाच राहत नाही, आणि चाकही लगेच थांबतं."

"मग हो आन् नाही कसं बरोबर येतं?"

"बाबा काय म्हणतात आठव. हो पाहिजे असलं की काय म्हणतात?"

तिने डोळे मिटले. "हळू, सावकाश."

"आणि नाही पाहिजे असलं की?"

"थांब." तिने फळ्यावरच्या मुकाट रेघेवर बोट ठेवलं. "म्हंजी आप्पांचा पाय."

"तुझ्या आप्पांचा पाय. बिचाऱ्यांना पत्ताही नाही."

मग ती म्हणाली, "बाई, मग तुमीच इचारा ना रविवारी. जोरात थांबवायला सांगा. तायडी नाही म्हणंल. मी सुटंन, आईचंही मन राहील."

सांगते, मला मोह झाला. किती सोपं होतं. पोर वाचली असती, कुणी दुखावलं नसतं, मीही घरी जाऊन चहा प्याले असते.

मी काही बोलायच्या आत तिनेच मान हलवली. "नको. आज तायडी नाही म्हणाली, तर उद्या दुसरं कुणी हो म्हणायला लावंल. आन् आई, बाई, आई दुपारच्याला गाडीत जाऊन बसती. तिच्याशी बोलती. जेवली का इचारती. सृष्टी रडती घरात, तिच्याकडं ध्यान न्हाई."

"मग आईला खरं सांगावं लागेल."

"लई लागंल तिला."

"हो," मी म्हटलं. "लागेल."

रविवारी गर्दी दुप्पट. पाटसहून पाव्हणे आले होते. महेंद्र मागे खांबाला टेकून उभा, मान खाली. बाबांनी नारळ फोडला, करंटचं प्रवचन पुन्हा झालं. मी पुढे झाले. सोबत सुदर्शन होता, माझा विद्यार्थी, चौफुल्याला त्याचं गॅरेज आहे.

बाबांनी हात आडवा घातला. "बाई, बाहेरच्यानं कौलात पडू नये. आत्मा बिथरतो."

"मी बाहेरची नाही. सायलीला मी पाचवीपासून शिकवलंय. मला तिला दोन गोष्टी विचारायच्यात."

"इचारू द्या," सोजराबाई म्हणाल्या. "बाईंचा लई जीव हुता तिच्यावर."

ते ऐकून पाय मागे घ्यावेसे वाटले. पण मी हौसरावांना गाडी मागे घ्यायला सांगितली आणि गोड आवाजात म्हटलं, "सायली, तू माझ्या वर्गात होतीस ना गं? हळू, हौसराव. सावकाश."

गाडी रडली. लोक माना डोलवू लागले. बाबांनीही डोलावली.

पुन्हा गाडी मागे घेतली. आता मी बॉनेटवर बाबांसारखाच पंजा मारला. "सायली, सोजराबाई तुझी आई ना? थांबा!"

गाडी मुकी.

सोजराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला आयुष्यभर पुरेल. मी कुणाला इतकं आणखी कधी दुखवल्याचं आठवत नाही, आणि ते जाणूनबुजून केलं होतं.

"रागावली ती," बाबा घाईने म्हणाले. "अविश्वासी माणसाला आत्मा उलटं सांगतो."

"मग मी विचारत नाही," मी म्हटलं. "बाबांनी पण विचारू नये. हौसराव, तुम्ही बाप आहात. तुम्हीच विचारा. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. फक्त आपल्या पायाकडे ध्यान ठेवा. एकदा हलका ठेवा, एकदा दाबून."

हौसरावांनी गाडी मागे घेतली. काच खाली होती, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "सायले," ते म्हणाले, "ऋतिकाला देऊ का गं?" गाडी पुढे आली, रडली. मागे गेली. "सायले, ऋतिकाला देऊ का गं?" पुढे आली. मुकी. पुन्हा मागे. पुन्हा तेच. रडली. पुन्हा. मुकी. कुणी सांगत नव्हतं तरी ते करत राहिले. हो, नाही, हो, नाही, तोच प्रश्न, तोच बाप, तीच चार हात जमीन. चाकाखालची लिंबं कधीच चिरडून गेली होती. हळूहळू त्यांनी प्रश्न विचारायचं सोडलं, नुसतीच गाडी पुढे-मागे नेत राहिले. मग इंजिन बंद केलं.

"बाई," ते आतूनच म्हणाले, "म्हंजी मीच बोलत हुतो?"

"बाबांनी बोलवून घेतलं, हौसराव. हळू म्हणाले की तुमचा पाय हलका पडायचा, थांब म्हणाले की जोरात."

"न्हाई." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "बाबाचं सोडा. माझ्याबी मनात हुतं. नात परक्याच्या हाताखाली वाढू नये, आसं वाटायचं मला. मला तोंडानं म्हणायचं धाडस न्हवतं. मेलेल्या लेकीच्या तोंडी घातलं मी."

मला शिकवून शिकवून जे सांगता आलं नसतं, ते त्या माणसाने भर मैदानात स्वतःविरुद्ध सांगितलं.

सुदर्शनने जॅक लावला, चाक उतरवलं, पॅड काढून सगळ्यांना दाखवला. नखाएवढी जाडी उरली नव्हती, आणि कडेची ती पट्टी घासून घासून चकाकत होती. "काका, हे आजचं न्हाई," तो म्हणाला. "वाघोलीच्या ट्रॅफिकमधी वर्षभर ब्रेक-क्लच, ब्रेक-क्लच. आवाज आधीपास्नं येत असंल."

"मंग आमाला कवाच कसा ऐकू आला न्हाई?" हौसरावांनी विचारलं.

"सायलीताईंना धुळीचा त्रास हुता ना? काचा वर आसायच्या. एसी चालू."

ते खरं होतं. लेक आत असताना काचा कधी उतरल्याच नव्हत्या. दहाव्याहून येताना पहिल्यांदा उतरल्या, कुणी बोलत नव्हतं, गाडी सावकाश होती. म्हणून ऐकू आलं.

"हे पॅड आजून आठ दिस चालवले आसते तर कवातरी ब्रेकच लागले नसते," सुदर्शन म्हणाला. "आन् तुमी ह्यात लेकराला घिऊन फिरताय."

सोजराबाई इतका वेळ नुसत्या बघत होत्या. त्या माझ्याजवळ आल्या. "मंग सायली कुठं हाय?"

देवाघरी, म्हणता आलं असतं. चांदणी झाली, म्हणता आलं असतं. गाव ऐकत होतं.

"ती नाही, सोजराबाई," मी म्हटलं. "ती गेली. गाडीत कुणी नव्हतं."

सुदर्शनच्या हातातला झिजलेला पॅड सोजराबाईंनी पाहिला, आणि मग ऋतिकाकडे, जणू ती आत्ताच आली होती.

हौसराव गाडीतून उतरले. "पोरी," ते ऋतिकाला म्हणाले, "तुला कुणी इचारलं न्हाई. मी इचारतो. तुला काय पायजे?"

इतके दिवस ऋतिकाच्या वतीने ब्रेक बोलत होते. "मला न्हाई करायचं लगीन," ती शेवटी म्हणाली. "सृष्टीला मी बघंन आप्पा, सुट्टीला येऊन बघंन. पण मला शिकायचंय."

मागून महेंद्र पुढे आला. "मामा, मलाबी नको हुतं," तो म्हणाला. "ती माझी धाकटी भैन आसल्यागत हाय. आईला सांगायचं बळ न्हवतं माझ्यात." त्याच्या आईने तोंड फिरवलं.

कौलबाबांचं काय झालं, असं विचाराल. आत्मा अविश्वासामुळे निघून गेला, असं ते दोघातिघांना सांगत होते, तेवढ्यात त्यांचा एक मोबाईल वाजला आणि बोलत बोलत ते मोटारसायकलीवर बसले. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मी तक्रार दिली आहे. पण परवा कळलं, पलीकडच्या एका गावात ट्रॅक्टर घोगऱ्या आवाजात बोलू लागलाय.

सुदर्शनने नवे पॅड बसवले. सोमवारी हौसराव ऋतिकाला शिरूरला सोडायला निघाले. सृष्टीला मांडीवर घेऊन सोजराबाई मागे बसल्या, मला पुढे बसवलं. काचा उघड्या होत्या. गावच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, हौसरावांनी गाडी सावकाश थांबवली. हलक्या पायाने. काहीच आवाज झाला नाही. मागून सोजराबाईंनी मोठ्याने रडायला सुरुवात केली. गाडी बोलायला लागल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या; हात जोडून ऐकत होत्या, नाहीतर बोलत होत्या. हौसरावांनी गाडी बंद करून ठेवली. ट्रॉली गेली तरी आम्ही तिथंच होतो. ऋतिका आईला धरून होती, सृष्टी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

मी गावोगाव हे सांगत फिरते, आणि लोक म्हणतात, बाई, तुम्ही त्या माउलीचा आधार काढून घेतलात. घेतला. त्याचं दुःख मला आहे, आणि राहील. पण तो आधार एका जिवंत मुलीच्या आयुष्यावर उभा होता, आणि एक लेकरू संपलेल्या ब्रेकांवर फिरत होतं. यंत्र ओरडलं तर गॅरेजात न्या. कुणी मेलेल्याचा निरोप आणला तर आधी बघा, तो निरोप कुणाच्या सोयीचा आहे. आणि घरातल्या पोरीचं काय करायचं हा प्रश्न पडला, तर देवाला, मोटारीला, बाबाला विचारू नका. ती घरातच असते. तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही समजा.